भोकं पाडलेले बूट

वरची कोंडवाडी, ता. कुडाळ
९ मे २०२४

तीर्थस्वरूप गुरुदासदादास,
मावसबहीण सुभद्रेचा नमस्कार.

पाकीट बघून दचकू नकोस, इकडे सगळे जिवंत आहेत आणि दोन वेळा जेवतायत. फोन केला असता, पण मागच्या खेपेस मी अर्धा तास बोलले आणि तू नुसता "हां, हां" करत राहिलास. शेवटी सारिकाने फोन घेऊन सांगितलं की बाबांना काही ऐकू गेलेलं नाही. कारखान्यातल्या मशिनींनी तुझे कान खाल्ले, आता माझ्या बोटांना काम लागलं. व्हॉट्सअ‍ॅपचं म्हणशील तर रेंजसाठी आम्हाला काजूच्या बागेत वर चढावं लागतं, आणि तिथे चढले की मी काजूच वेचायला लागते.

काम असं आहे. एका बाईमाणसाला पावसात डोंगर चढायला बूट हवेत. पाणी आत जाता कामा नये, घोट्याच्या वर आले पाहिजेत आणि तळाला खोल खाचा हव्यात. कोणाला हवेत ते आत्ता विचारू नकोस. तू चाळीस वर्षं बुटांची कातडी कापलीस, तेव्हा यातलं तुला कळत नसेल तर कोणाला कळणार? कुडाळला दुकानदाराने मला तीन जोड दाखवले आणि तिन्ही "एक नंबर" आहेत म्हणाला, म्हणून मी तशीच बाहेर पडले.

माप सोबत पाठवते आहे. माडाच्या झावळीचा हीर पावलाला लावून कापलाय, टाच ते अंगठा. मोडू देऊ नकोस. बूट कसालला थांबणाऱ्या रात्रीच्या गाडीत वालावलच्या प्रीतमकडे दे, तो ड्रायव्हर आपल्या ओळखीचा आहे.

पावसाच्या आत पाठव.

तुझी,
सुभद्रा

•

भांडुप, मुंबई
१८ मे २०२४

चि. सुभद्रेस,
गुरुदासचे अनेक आशीर्वाद.

कोणाला हवेत ते विचारू नकोस म्हणालीस, पण मी काय कुकुलं बाळ आहे? तुझी लेक पूजा कॉलेजच्या पोरांबरोबर पावसात भटकायला निघाली असणार आणि बापाला सांगायची हिंमत नसणार. चोवीस सेंटिमीटरचा हीर, म्हणजे तिचाच पाय. मी कोणाला बोलणार नाही.

तिला एवढं नीट समजावून सांग. दुकानात "वॉटरप्रूफ" म्हणून जे विकतात त्यात दोन जाती असतात. एकात कातड्याला वरून नुसतं मेण किंवा औषध चोपडलेलं असतं, ते दोन पावसांत उतरतं. दुसऱ्यात आतून पूर्ण मोज्यासारखं अस्तर शिवलेलं असतं आणि शिवणीवर पट्टी चिकटवलेली असते. खरा बूट तो. जीभ दोन्ही बाजूंनी वरपर्यंत जोडलेली आहे की नाही ते बघायचं, नाहीतर पाणी लेसच्या फटीतून शिरतं. मी दादरपासून ठाण्यापर्यंत सहा दुकानं हिंडलो. प्रत्येक दुकानात बूट उलटा करून आत हात घातला, शिवण चाचपली. एका पोराने विचारलं, "काका, घेणार आहात की डॉक्टर आहात?"

शेवटी एक मनासारखा मिळाला. करडा रंग, लेस गुलाबी, पोरीला आवडेल. आमच्या कारखान्यात प्रत्येक बूट हवा भरून पाण्याच्या टाकीत बुडवायचे. बुडबुडा आला की बूट बाद आणि कापणाऱ्याचा नंबर फळ्यावर. चाळीस वर्षांत माझा नंबर दोनदाच लागला. हा बूट मी घरी आणून बादलीत दाबून धरला. एक बुडबुडा नाही.

पूजाला म्हणावं, पाय मोडून घेऊ नकोस.

तुझा,
गुरुदासदादा

•

वरची कोंडवाडी
२ जून २०२४

दादा,

बूट मिळाले. देखणे आहेत. पूजाने घालून घरभर मिरवले आणि आता ती परत द्यायला तयार नाही, कारण तिला अगदी बरोबर बसले.

ज्या बाईमाणसाला हवे होते तिला मात्र बसले नाहीत. लांबीला बरोबर होते, पण पुढून बोटं अशी आवळली की मी खळ्यातून पडवीपर्यंत येईतो डोळ्यांतून पाणी आलं.

हो, मीच. आता ओरडून घे आणि मग पुढे वाच.

तुला वाघोबाचा सडा आठवतो ना, डोंगरमाथ्यावरचं ते कातळाचं पठार? हल्ली तिथे पावसाळ्यात शहरातली माणसं येतात, धुकं आणि रानफुलं बघायला. गेली अठरा वर्षं त्यांना वर कोण नेतं? मी. कधी शेताला निघालेली मधेच पकडतात, कधी चुलीवर भात ठेवलेला असतो. अनवाणी पुढे चालते, त्यांना वर सोडते, खाली आणते. गेल्या पावसात बाहेरचा एक वाटाड्या धुक्यात चुकला आणि त्याची माणसं रात्रभर सड्यावर कुडकुडत बसली. तेव्हापासून पर्यटन समितीने नियम केला. आता ओळखपत्र असेल त्यालाच माणसं वर नेता येणार. आमच्या वाडीतून दोघांनाच मिळणार आणि परीक्षा २१ जुलैला, भर पावसात. नियमात लिहिलंय की परीक्षेला पाणी आत न घेणारे, घोट्याच्या वरचे बूट पायात हवेत. अनवाणी माणसाला उभं करणार नाहीत.

म्हणजे ज्या वाटेवरचा दगड न् दगड माझ्या तळव्याला ठाऊक आहे, त्या वाटेवर मी माणसं नेली तर तो गुन्हा ठरणार. आणि जितेंद्र, ज्याला मी हाताला धरून पहिल्यांदा वर नेलं तो शेजारचा मुलगा, तो बूट घालून माझ्या पुढून जाणार. मला हे सहन होत नाही, दादा. खरंच होत नाही.

तुला आधी सांगितलं नाही कारण तू हसला असतास. घरात हसून झालंय. हे म्हणाले, "तुका बूट कित्याक व्हये? तुझे पाय म्हणजे बूटच आसत." मग माझं तोंड बघितलं आणि स्वतःच चहा करून आणला. सत्तेचाळीस वर्षं वय झालंय आणि आयुष्यात चपलेपलीकडे पायात काही घातलेलं नाही, हे मला माहीत आहे. तू फक्त एवढं सांग, माझ्या पायाचा बूट जगात मिळतो की नाही.

सुभद्रा

•

भांडुप
९ जून २०२४

चि. सुभद्रेस, आशीर्वाद.

हसलो नाही. आधी रागावलो, मग सारिकाला पत्र वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "आत्या एकदम भारी आहेत." मग रागावायला कोणी साथीला उरलं नाही.

चूक माझी आहे. चाळीस वर्षं मापात काढली आणि एका हिरावर विसंबलो! आपल्याकडची खोडच ती. आमचे बाबा बांद्याच्या बाजारात जाताना सगळ्यांच्या पायांचे हीर कनवटीला खोचून न्यायचे आणि चपला आणायचे. चपलेला ते चालतं, पाऊल बाजूने बाहेर आलं तरी कोण विचारतो? बुटाला चालत नाही. हीर लांबी सांगतो, रुंदीचं त्याला काय ठाऊक. जन्मभर चिखलात अनवाणी लावणी केलेल्या बाईचं पाऊल पुढे बदकासारखं पसरतं, हे कोकणातल्या माणसाला कोणी शिकवायला हवं होतं का?

आता असं कर. संध्याकाळी, दिवसभराचं काम झाल्यावर, पाय सुजलेले असतात तेव्हा माप घे. सकाळी घेऊ नकोस. जाड मोजे घाल, ते सोबत पाठवलेत. कागदावर उभी राहा, पूर्ण भार टाकून. बसून काढलेलं पाऊल खोटं बोलतं. पेन्सिल सरळ उभी धरून पूजाला भोवती फिरवायला सांग, दोन्ही पायांचं. कागद प्रीतमला दे. मी पुढून रुंद, पुरुषी साचा बघतो आणि अंगठ्याच्या पुढे बोटभर जागा ठेवतो, नाहीतर उतरताना नखं काळी पडतात.

तळाचं मला नीट आठवून सांग, सड्यावरचा कातळ पावसात कसा असतो? मी वर गेलो त्याला बेचाळीस वर्षं झाली. बुळबुळीत असेल तर मऊ रबर हवं. दाबल्यावर नख रुततं असं. टणक तळ कारखान्याच्या फरशीवर दहा वर्षं टिकतो आणि शेवाळावर दहा पावलं टिकत नाही.

एक मात्र विचारतो. जमेल ना गो तुका?

गुरुदासदादा

•

वरची कोंडवाडी
२६ जून २०२४

दादा,

जमेल ना म्हणून विचारतोस! रोज पहाटे तू पाठवलेले नवे बूट घालून गोठ्यापासून बांधापर्यंत चालते. पहिले चार दिवस म्हशीने मला ओळखलं नाही, मान वळवून दुसरीकडे बघायची. आठव्या दिवशी माझी मलाच सवय झाली. बूट फार छान आहेत. बोटं आत हलतात, टाच वर उचलली जात नाही, आणि तुझा मऊ तळ शेवाळलेल्या कातळाला घोरपडीसारखा धरतो. खालच्या दगडाचा उंचवटासुद्धा पायाला कळतो. मला भीती तीच होती, की बूट घातले की पाय मुके होतील.

पाऊस मुसळधार आहे. काल मी एकटी वर जायला निघाले. दोन तास धो धो पावसात चालले आणि पाय कोरडे ठणठणीत! मला एवढा आनंद झाला की रानात एकटीच मोठ्याने "गुरुदासदादा!" अशी हाक मारली.

मग व्हाळ आला. तोच मधला, सडा चढायच्या आधीचा. गुडघ्याच्या वर पाणी होतं. मी उतरले, पाणी वरून बुटांत शिरलं, आणि पलीकडे निघाले तर पायांत भरलेल्या दोन कळशा! बाहेरचं पाणी आत न येऊ देणारा तुझा तो बूट आतलं पाणीही बाहेर सोडत नाही. मी दगडावर बसले, लेस सोडल्या, बूट उलटे केले, मोजे पिळले, पुन्हा घातले. त्याला दहा मिनिटं गेली. पुढे तसाच आणखी एक ओहोळ लागला आणि पुन्हा तेच. वर पोचेपर्यंत टाच सोलली.

रात्री विचार करत बसले. आपण भाताच्या खाचराला मातीची मेर किती घट्ट घालतो. पण एका कोपऱ्यात पाणी जायला तोंड ठेवतोच ना? न ठेवलं तर मेरच फुटते. पावसात पाणी येणारच, त्याला जायला जागा पाहिजे.

तेव्हा बूट प्रीतमबरोबर परत पाठवते आहे. दोन्हींना आतल्या बाजूने, तळाच्या जरा वर, भोकं पाडून दे.

सुभद्रा

•

भांडुप
३० जून २०२४

सुभद्रे,

भोकं? तुझं डोकं ठिकाणावर आहे का?

तू काय मागितलंस ते तुला कळलंय की नाही मला शंका आहे. नवा, अस्सल, आतून अस्तर शिवलेला बूट, ज्याच्या शिवणीवर पट्टी चिकटवायला कोणी कारागीर अर्धा तास मान मोडून बसला असेल, त्याला मी भोक पाडू? माझं आयुष्य भोक राहू नये म्हणून गेलं. दोनदा फळ्यावर नंबर लागला तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो, तुझ्या वहिनीला विचारलं असतंस तर तिने सांगितलं असतं. आज ती असती तर तिनेही तुला झापलं असतं.

दुसरं म्हणजे नियम. पाणी आत न घेणारे बूट, असं तूच लिहिलंस. भोकं असलेला बूट परीक्षकाने बघितला तर तुला दारातूनच हाकलेल. मग माझ्याकडे रडत येऊ नकोस.

पायाला वरून प्लॅस्टिकची पिशवी बांध. नाहीतर व्हाळाशी बूट काढून हातात घे, पलीकडे गेलीस की घाल. शेकडो माणसं तसं करतात.

बूट माझ्याकडे आहेत. मी त्यांना हात लावणार नाही.

गुरुदास

•

वरची कोंडवाडी
४ जुलै २०२४

दादा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा ह्यांनी वाचलं आणि म्हणाले, "भाव तुझो रागावलोहा, पण बरोबर बोलता." म्हणून आता दोघांवर रागावून लिहिते आहे.

पिशवी बांधून बघितली. कातळावर पाय ठेवताच मी सरळ बसले, आणि कुठे बसले ते लिहीत नाही. बूट हातात घ्यायचे म्हणतोस, मग माझ्या मागून येणाऱ्या बारा माणसांचा हात कोण धरणार? व्हाळात मी मधोमध उभी राहते आणि एकेकाला पलीकडे लावते. दोन्ही हात मोकळे लागतात, दादा. त्यात लहान मुलं असतात, साठीच्या बायका असतात. एकदा एक मुलगी वाहून जाताना मी तिला वेणीला धरून ओढलं होतं.

तू चाळीस वर्षं बूट केलेस. पण एक सांग, त्यातला एक तरी घालून तू पाण्यात चाललास का? तुमच्या टाकीत बूट बाहेरून बुडवत होते. आत पाणी भरून कोणी बघितलं का?

हे लागेल असं मला माहीत आहे आणि तरी लिहिते आहे. तू एवढा शहाणा कारागीर आणि तुझी विद्या फरशीवर संपते, हे मला पटत नाही. परीक्षेला सतरा दिवस आहेत. परीक्षकाचं काय ते मी बघेन, तू बुटाचं बघ.

नाही केलंस तर बूट तसेच पाठव. मी सुरी तापवून स्वतः पाडीन आणि वाकडी पाडीन.

सुभद्रा

•

भांडुप
१२ जुलै २०२४

चि. सुभद्रेस, आशीर्वाद.

सुरीला हात लावू नकोस.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सारिका बाहेर गेलेली बघून मोरीत स्टूल ठेवलं, तुझे बूट जेमतेम पायात कोंबले आणि वरून दोन तांबे पाणी ओतलं. मग घरात फेऱ्या मारल्या. अर्धा तास. सारिका परत आली तर मी सोफ्याभोवती चुबूक चुबूक करत फिरतोय आणि फरशीभर पाणी. तिला वाटलं, बाबांचं आता डोकंही गेलं. मी तिला म्हटलं, वजनकाटा आण. एकेका बुटात पाऊण शेर पाणी. अर्ध्या तासाने पुन्हा तोललं, तेवढंच. थेंब कमी नाही.

आमची कारागिरी इतकी चांगली होती, गो! मला हसावं की रडावं कळेना.

रिटायर झाल्यापासून हत्यारांची पेटी माळ्यावर होती. नातवाकडून ती खाली काढली. हात थरथरतात का ते आधी जुन्या चपलेवर बघितलं. थरथरत नाहीत. मग प्रत्येक बुटाला आतल्या बाजूने, कमानीपाशी, तळाच्या वर दीड बोटावर दोन दोन भोकं पाडली. अस्तराची कडा दुमडून चिकटवली, पितळी आयलेट, म्हणजे बारीक कडी, ठोकलं आणि आतून बारीक जाळी लावली, म्हणजे वाळू शिरणार नाही. भोकाची जागा निवडायला मला तीन दिवस लागले. पाऊल टाकलं की कमान दबते आणि पाणी आपोआप पिचकारीसारखं बाहेर पडतं. मी मोजलं. नऊ पावलांत बूट रिकामा. पावसाचं पाणी वरून पडतं, ते आत येत नाही. चिखलात थोडं येईल, येऊ दे, जाईलही.

पहिलं भोक पाडताना डोळे मिटले होते. दुसऱ्याला उघडे ठेवले.

मोजे लोकरीचे पाठवलेत, सुती घालू नकोस. ओले झाले तरी टाच सोलणार नाहीत.

परीक्षक काही बोलला तर माझं नाव सांग.

गुरुदासदादा

•

वरची कोंडवाडी
२२ जुलै २०२४

दादा, दादा, दादा,

आधी निकाल सांगते, नाहीतर तुझा जीव खाली-वर होईल. पास! नुसती पास नाही, पहिली! आता नीट बसून वाच.

पाच जण आमच्या खळ्यात उभे होतो. परीक्षक कोल्हापूरचा, विनीत सर म्हणतात त्यांना, तिशीचा तरतरीत मुलगा, तुझ्या माझ्या वर्षाच्या कमाईएवढ्या किमतीचे बूट पायात. पाऊस असा की समोरचं झाड दिसत नव्हतं. त्यांनी एकेकाच्या बुटांवर बाटलीतलं पाणी ओतून बघितलं. माझ्यावर ओतलं, पाणी घरंगळून गेलं, ते "छान" म्हणाले. मग खाली वाकले आणि पितळ चमकलं.

"बाई, ही भोकं कसली?"

मी म्हटलं, पाणी जायची वाट.

जितेंद्र मागून कुजबुजला, "काकी, भोकां कित्याक पाडलास गो? आता भायर काढतले तुका." आणि तसंच झालं. सरांनी कागदावर माझ्या नावापुढे फुली मारली. म्हणाले, नियमात पाणी आत न घेणारे असं स्पष्ट आहे, तुम्ही यायचं तर या, पण गुण मिळणार नाहीत. दादा, मला तिथून परत फिरावं असं वाटलं. पण पडवीत हे उभे होते, आणि एरवी थट्टा करणारा माणूस मोठ्याने म्हणाला, "चल गो, खंय थांबलंस?" मग मी चालायला लागले.

व्हाळ मांडीपर्यंत होता. दोर बांधून सगळे पार झाले आणि पलीकडे जाऊन धपाधप खाली बसले. बूट काढ, पाणी ओत, मोजे पिळ. जितेंद्रची लेस भिजून अशी फुगली की गाठ सुटेना, त्याने दात लावले. मी नऊ पावलं चालले. दहावं कोरडं. खरंच नऊ! मी उभी राहून त्यांची वाट बघत होते. सर बघत होते. त्यांनी बूट काढले नाहीत, पाणी घेऊनच चालले. अभिमान असतो ना माणसाला.

दुसऱ्या ओहोळानंतर पुन्हा तेच. सड्याच्या चढावर सर लंगडायला लागले आणि तिसऱ्या टप्प्यावर घसरले, तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं. माझा पाय कातळावर तसूभर हलला नाही. दादा, तो तुझा तळ.

वर पोचलो तर धुकं. हात पुढे केला तर बोटं दिसेनात. पुढे जायची पाळी जितेंद्रची होती. तो चार पावलं गेला, थांबला, डावीकडे वळला, पुन्हा थांबला. तिकडे कडा आहे. मी ओरडले, "जितू, हलू नको!" सर म्हणाले, "कोणाला वाट माहीत आहे?"

मी म्हटलं, मला. पण माझ्यापुढे फुली आहे.

ते म्हणाले, "बाई, तुम्ही चला."

सड्यावरचं पाणी पश्चिमेला आपल्या वाडीकडे वाहतं. उतरायची वाट दक्षिणेला. म्हणजे वाहतं पाणी डाव्या घोट्याला लागत ठेवायचं. समोरून लागलं की आपण वळलो. अनवाणी चालायचे तेव्हा कातडीला कळायचं, बुटातून कळेल की नाही याची मला रात्रभर धास्ती होती. कळलं! डाव्या बुटावर पाण्याचा दाब स्पष्ट लागत होता. मी सगळ्यांना एकमेकांची काठी धरायला लावली आणि चालले. अर्धा तास तसंच चाललो. मग पायाखाली उताराच्या पहिल्या पायऱ्या लागल्या आणि जितेंद्रने मागून आरोळी ठोकली.

खाली आल्यावर सर आमच्या पडवीत बसले. बूट काढले तर पाय पांढरे फटक आणि टाचा रक्ताळलेल्या. मी हळद-तेल लावून दिलं. त्यांनी माझा बूट हातात घेतला, आत बोट घालून जाळी चाचपली, आणि विचारलं, हे कोणी केलं? मी तुझं नाव सांगितलं. मग त्यांनी कागद काढला, फुली खोडली, सगळ्यांसमोर, आणि खाली लिहिलं की हे बूट नियमाच्या हेतूला धरून आहेत आणि नियम मी परत लिहून देतो. शंभरात त्र्याण्णव दिले. दुसरा जितेंद्र. त्याने वाकून मला नमस्कार केला आणि मी त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला.

ओळखपत्रावर क्रमांक एक आहे. रात्री ते उशाशी घेऊन झोपले, हसू नकोस. पाऊस सरायच्या आत तू ये. जितेंद्र आपले बूट घेऊन तुझी वाट बघतोय, आणि हत्यारांची पेटी विसरू नकोस. ११ ऑगस्टला माझी पहिली टोळी आहे. तुलाही वर यायचंय.

तुझी,
सुभद्रा

•

भांडुप
१९ ऑगस्ट २०२४

चि. सुभद्रेस,

काल रात्री सुखरूप पोचलो. गुडघे दुखतात, पण कोणाला सांगत नाही. सारिकाला सांगितलं की नुसता खाली पडवीत बसून होतो. तिने माझे चिखलाचे बूट बघितले आणि गुडघ्यांना तेल आणून दिलं.

तुझ्याकडे असताना बोलायचं राहिलं. ऐकू येत नसलेल्या माणसाशी सगळे ओरडून बोलतात, त्यामुळे त्याला हळू काही सांगता येत नाही. म्हणून लिहितो.

कारखान्यातून निघालो त्या दिवशी त्यांनी नारळ आणि शाल दिली. नंतर पाच वर्षं मला कोणी काही विचारलं नाही. तुझ्या पडवीत चार दिवसांत मी सात जोडांना भोकं पाडली आणि प्रत्येक पोराला नऊ पावलं चालायला लावलं. आयुष्यात एवढी मजा मला कधी आली नव्हती, सुभद्रे. मी जे कातडं कापलं ते कुठे गेलं, कोणाच्या पायात गेलं, मला कधी दिसलं नव्हतं.

व्हाळापाशी तुझ्या टोळीतली ती ठाण्याची बाई माझ्या कानाशी येऊन काहीतरी विचारत होती. तिसऱ्यांदा कळलं. विचारत होती, "काका, एवढ्या पाण्यात ह्या बाईंच्या मागून जायचं? त्यांना खरंच माहीत आहे ना?" मी तिला म्हटलं, ती माझी बहीण आहे. तुम्ही फक्त तिच्या हातात हात द्या. तिने दिला. पलीकडे जाऊन ती मागे वळून माझ्याकडे बघून हसली, आणि मग मी उतरलो, आणि तू माझा हात धरलास. बेचाळीस वर्षांनी मी तो व्हाळ ओलांडला. तेव्हा मी रडत होतो, पावसात तुला कळलं नसेल.

तुला हसलो नाही असं मी जूनमध्ये लिहिलं होतं, ते अर्धं खोटं होतं. थोडा हसलो होतो. त्याची माफी मागतो. मला तुझा फार अभिमान वाटतो, हे आता सरळ लिहून टाकतो.

सड्यावर धुकं उतरलं तेव्हा मी सगळ्यांत मागे होतो. माझ्या पुढे तेरा माणसं आणि सगळ्यांच्या पुढे तू. मला तू दिसत नव्हतीस. पुढच्या पोराची काठी तेवढी हातात होती. कोणी थांबलं नाही, कोणी वाट विचारली नाही. ती सगळी अनोळखी माणसं तुझ्या मागून चालत राहिली.

तुझा,
गुरुदासदादा